पस्तिसाव्या नंबरावरचं गाणं

माझी भाची शिकायला इंग्लंडात आहे, कॉव्हेंट्री नावाच्या शहरात. दर रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. जेवलीस का, थंडी किती, तिकडे कोथिंबीर मिळते का, असं आमचं ठरलेलं बोलणं. एका रविवारी मात्र ती म्हणाली, "मावशी, आज इथल्या संगीताच्या म्युझियममध्ये गेले होते. तुला काही गाणी पाठवते. ऐक, मग बोलू."

मी लता-आशा आणि माणिक वर्मांच्या गाण्यांवर वाढलेली बाई. इंग्रजी गाण्यांचा नि माझा संबंध कॉलेजच्या गॅदरिंगपुरता. पण भाचीनं पाठवलंय म्हटल्यावर ऐकायला हवंच. संध्याकाळी कणीक मळता मळता एकेक गाणं लावत गेले. शब्द निम्मे कळत नव्हते, तिनं सोबत अर्थ लिहून पाठवला होता. ठेका असा, की पाय आपोआप हलायला लागले. मग एक गाणं लागलं आणि ते मी मध्येच बंद केलं. पुढे ऐकवेना.

मैत्रिणींनो, आज मला त्या बंद केलेल्या गाण्याबद्दल लिहायचंय. पण ते कुठून आलं हे सांगितल्याशिवाय त्याचं मोल कळणार नाही, म्हणून आधी त्या बँडची थोडी ओळख करून देते.

बँडचं नाव 'द स्पेशल्स'. जन्म १९७७ चा, कॉव्हेंट्रीतलाच. हे मोटारींच्या कारखान्यांचं शहर. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडला कामाला माणसं कमी पडत होती. तेव्हा जमैका आणि आसपासच्या बेटांवरून हजारो कुटुंबं तिकडे गेली. कुणी बस चालवली, कुणी हॉस्पिटलात नर्स झाल्या, कुणी कारखान्यात लागले. त्यांनी सोबत आपलं संगीतही नेलं. त्यातलाच एक प्रकार म्हणजे 'स्का'. एक-दोन-तीन-चार मोजताना आपण टाळी आकड्यावर देतो. स्कामध्ये गिटार दोन आकड्यांच्या मधल्या फटीत वाजते. त्यामुळे गाणं सारखं उड्या मारत चालल्यासारखं वाटतं.

साठच्या दशकातलं हे संगीत स्पेशल्सनी पुन्हा उकरून काढलं आणि त्याला आपल्या पिढीचा राग जोडला. बँडमध्ये काळे आणि गोरे दोन्ही. नेव्हिल स्टेपल आणि लिनव्हल गोल्डिंग हे दोघे मूळचे जमैकाचे. बँड उभा करणारा जेरी डॅमर्स गोरा, पाद्र्याचा मुलगा, आणि त्याचा जन्म १९५५ सालचा, आपल्या उटीचा! त्यानं १९७९ मध्ये 'टू टोन' नावाची रेकॉर्ड कंपनी काढली. तिची खूण म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकटी. रस्त्यावर वर्णद्वेषी टोळ्या हिंडत होत्या, काळ्या आणि आशियाई माणसांवर हल्ले होत होते, त्या दिवसांत एकाच स्टेजवर काळी-गोरी मुलं नाचताना दाखवणं हेच मोठं बोलणं होतं.

आता नंबरांकडे येऊ. आपल्याकडे एके काळी बुधवारी रात्री रेडिओ सिलोनला कान लावून 'बिनाका गीतमाला' ऐकायचे. कुठलं गाणं कुठल्या पायदानवर आहे याची घराघरांत पैज लागायची. तिकडेही असाच प्रकार. रेकॉर्ड किती खपल्या यावरून दर आठवड्याला गाण्यांची क्रमवारी लागायची, तिला 'चार्ट' म्हणतात. या चार्टवर स्पेशल्सनी धमाल केली. १९७९ ते १९८१ या काळात लागोपाठ सात रेकॉर्ड पहिल्या दहात. 'गँगस्टर्स' सहाव्या नंबरावर, 'अ मेसेज टू यू रूडी' दहाव्या, 'टू मच टू यंग' थेट पहिल्या. मग 'रॅट रेस' पाचव्या, 'स्टिरिओटाइप' सहाव्या, 'डू नथिंग' चौथ्या, आणि 'घोस्ट टाउन' पुन्हा पहिल्या.

हे 'घोस्ट टाउन' म्हणजे ओस पडलेल्या शहराचं गाणं. क्लब बंद, नोकऱ्या नाहीत, तरुण पोरं आपसांत मारामाऱ्या करताहेत. डॅमर्सनं पुढे सांगितलं आहे, की बँड गावोगाव दौरा करत होता तेव्हा ग्लासगोमध्ये त्यानं म्हाताऱ्या बायका रस्त्यावर घरातलं सामान विकायला बसलेल्या पाहिल्या. कपबशा विकत होत्या. हे वाचून मी थांबलेच. बाईवर कपबशा विकायची पाळी कधी येते, हे तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको. आधी दागिने जातात, मग पितळ जातं, आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशा सगळ्यांत शेवटी. हे गाणं १९८१ च्या जुलैमध्ये तीन आठवडे पहिल्या नंबरावर होतं आणि त्याच जुलैत लिव्हरपूल, मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमच्या वस्त्यांमध्ये दंगली पेटल्या होत्या. त्याआधी एप्रिलमध्ये खुद्द कॉव्हेंट्रीत एका तरुण शीख विद्यार्थ्याचा भर दिवसा खून झाला होता. जूनमध्ये बँडनं शहरात एकजुटीसाठी जाहीर कार्यक्रम केला. ही मुलं नुसती नाचगाणी करणारी नव्हती. आजूबाजूला काय चाललंय ते उघड्या डोळ्यांनी बघत होती.

पण बायकांकडे ती कशी बघत होती? इथे मला थोडं भांडायचंय.

पहिल्या नंबरावर गेलेलं 'टू मच टू यंग' हे गाणं कशाबद्दल आहे माहितीये? कमी वयात लग्न करून मूल झालेल्या एका मुलीबद्दल. तिच्या वयाच्या पोरी मजा करताहेत आणि ही लंगोट धुतेय, असा सूर. शेवटी संततिनियमनावरून टोमणा. गाणं छान उसळतं, लोक त्यावर वेड्यासारखे नाचले. पण आख्ख्या गाण्यात बोलतो तो पुरुष. ती मुलगी एक अक्षर बोलत नाही. मूल तिनं एकटीनं आणलं होतं का? तिचं म्हणणं काय होतं? बँडच्या पहिल्या अल्बममध्ये एका मुलीला हिणवणारं याहून कडवट गाणंही आहे. वर्णद्वेषाविरुद्ध छातीठोक उभी राहणारी ही पोरं मुलींबद्दल लिहायला बसली, की कट्ट्यावरच्या पोरांसारखी बोलायला लागत.

हे फक्त त्यांचंच आहे असं नाही. सभेत समतेवर बोलून घरी आल्यावर पाण्याचा ग्लासही हातात मागणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. एक अन्याय दिसला म्हणजे दुसरा दिसतोच असं नसतं. तो कुणीतरी समोर येऊन दाखवावा लागतो.

टू टोनमध्ये तो दाखवणाऱ्या बाया होत्या. 'द सिलेक्टर' या कॉव्हेंट्रीच्याच बँडची गायिका पॉलिन ब्लॅक. दत्तक म्हणून गोऱ्या घरात वाढलेली काळी मुलगी, हॉस्पिटलात एक्स-रे काढण्याची नोकरी करणारी. डोक्यावर हॅट, अंगात पुरुषी सूट, आणि आवाज असा की समोरचा गप्प बसावा. तिचं 'ऑन माय रेडिओ' १९७९ मध्ये आठव्या नंबरावर गेलं. लंडनमध्ये तर 'द बॉडीस्नॅचर्स' नावाचा सातच्या सात मुलींचा बँड उभा राहिला. त्यातल्या काही जणी वाद्य वाजवायला नुकत्याच शिकत होत्या. त्यांचं 'लेट्स डू रॉक स्टेडी' १९८० मध्ये बाविसाव्या नंबरापर्यंत गेलं, पुढचं 'ईझी लाइफ' पन्नासाव्या. वर्ष संपायच्या आत बँड फुटला.

या मुलींनी अगदी सुरुवातीला एक गाणं तयार केलं होतं, 'द बॉयलर'. गायिका रोडा डकार हिच्या एका मैत्रिणीवर बलात्कार झाला होता, तिची आठवण मनात ठेवून रोडानं ते रचलं. मुलींचा बँड होता तोवर त्याची रेकॉर्ड निघाली नाही. पुढे १९८१ मध्ये स्पेशल्सचे तिघे, टेरी हॉल, स्टेपल आणि गोल्डिंग, वेगळे झाले. मागे उरलेल्यांना घेऊन डॅमर्सनं रोडाच्या आवाजात ते रेकॉर्ड केलं. १९८२ च्या जानेवारीत ते बाजारात आलं.

मी बंद केलं ते हेच गाणं.

'बॉयलर' हा तिकडच्या पुरुषांच्या तोंडचा शब्द, दिसायला बरी नसलेल्या बाईला हिणवण्यासाठी वापरला जाणारा. गाण्यातली बाई स्वतःला तसंच समजते. दुकानात तिला एक देखणा पुरुष भेटतो, तिच्यासाठी कपडे घेतो. आपल्यासारखीला हा विचारतोय, याचंच तिला अप्रूप वाटतं. ती त्याच्याबरोबर फिरायला जाते. रात्री तो घरी चल म्हणतो. ती नाही म्हणते. मग त्याचा सूर बदलतो. एवढा खर्च केला तो कशासाठी, असा हिशेब निघतो. रोडा हे गात नाही, शेजारणीला सांगावं तसं सांगते. मागे तोच नाचरा ठेका चालू. आणि शेवटी शब्द संपतात, नुसत्या किंकाळ्या उरतात. थांबतच नाहीत.

ज्या ठेक्यावर इतके दिवस लोक नाचले त्याच ठेक्यावर हे ऐकायचं! रेडिओनं ते जवळजवळ वाजवलंच नाही. तरीही ते चार्टवर पस्तिसाव्या नंबरापर्यंत गेलं. आता हिशेब बघा. गप्प बसलेल्या मुलीला दटावणारं गाणं पहिल्या नंबरावर. तोंड उघडलेल्या बाईचं गाणं पस्तिसाव्या नंबरावर. मला वाटतं, चार्टनं त्या काळच्या समाजाचं चित्रच काढून ठेवलं. आणि मला हेही वाटतं, की पस्तिसावा नंबर हाच मोठा होता. रेडिओवर लागत नाही, नाचता येत नाही, घरात चारचौघांत लावता येत नाही, अशी रेकॉर्ड हजारो लोकांनी दुकानात जाऊन, खिशातून पैसे मोजून आणली होती.

त्या जानेवारीत इंग्लंडात आणखी दोन गोष्टी घडल्या. एका न्यायाधीशानं सतरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार करणाऱ्याला तुरुंगात न पाठवता दोन हजार पौंड दंडावर सोडलं. मुलीनं रात्री अनोळखी माणसाच्या गाडीत लिफ्ट घेतली होती, म्हणजे निष्काळजीपणाचा वाटा तिचाही, असं त्याचं म्हणणं. आणि बीबीसीनं पोलिसांच्या कामावरच्या मालिकेत एक भाग दाखवला. बलात्काराची तक्रार घेऊन आलेल्या बाईला तीन पुरुष अधिकारी कसे उलटसुलट प्रश्न विचारतात, तिच्यावर कसा विश्वास ठेवत नाहीत, हे सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. दोन्हींवरून मोठा गदारोळ झाला. पोलिसांना अशा तक्रारी हाताळायची पद्धत बदलावी लागली. हे गाण्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या महिन्यात इंग्लंडातल्या घराघरांत जे बोललं जात होतं, ते रोडानं दोन वर्षं आधीच बोलून ठेवलं होतं.

त्या न्यायाधीशाबद्दल वाचताना मला संताप आला. आणि मग मला एक संध्याकाळ आठवली.

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वाड्यात एक मुलगी राहायची, कॉलेजात जाणारी. एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काकू, तुम्हाला एक सांगायचंय." क्लासहून येताना गोडाऊनच्या मागच्या रस्त्यावर कुणीतरी... एवढं बोलून ती थांबली. मी काय म्हणावं? मी म्हटलं, "अगं, पण त्या रस्त्यानं गेलीसच कशाला?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मी म्हटलं, "थांब, चहा ठेवते." चहा घेऊन आले तेव्हा ती डोळे पुसून बसली होती. चहा प्यायली, परीक्षेचं काहीबाही बोलली आणि गेली. तिनं तो विषय परत कधी काढला नाही. मीही विचारलं नाही. मनात म्हटलं, काही विशेष नसेल.

मी तिचं बोलणं जिथे तोडलं, तिथेच माझं बोट त्या गाण्यावर गेलं होतं. आणि त्या न्यायाधीशानं जे विचारलं तेच मी विचारलं होतं. तो झगा घालून बसला होता, मी पदर खोचून उभी होते, एवढाच काय तो फरक.

न ऐकून घेण्याचा त्रास फक्त मुलींनाच होतो असंही नाही. स्पेशल्सचा मुख्य गायक टेरी हॉल स्टेजवर कधी हसायचा नाही. लोकांना ती त्याची स्टाइल वाटायची. बारा वर्षांचा असताना त्याला एका शिक्षकानं फ्रान्सला पळवून नेलं होतं आणि तिथे त्याचं लैंगिक शोषण झालं होतं. त्यानं १९८३ मध्ये नव्या बँडच्या एका गाण्यात हे सांगितलं, मुलाखतींमध्ये मोकळेपणानं बोलायला मात्र बरीच वर्षं जावी लागली. २०२२ च्या डिसेंबरमध्ये तो गेला. लाखो लोक ज्याच्या गाण्यांवर नाचले, त्याच्याही पोटात असं काही होतं.

आता थोडं पुढचं सांगते, कारण गोष्ट तिथे संपली नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमला मुस्लिमांच्या विरोधात निदर्शनं करणाऱ्यांचा जमाव जमला होता. हिजाब घातलेल्या एका बाईला त्यांनी घेरलं. ते पाहून सफिया खान नावाची तरुण मुलगी मध्ये पडली. वडील-आईकडून पाकिस्तान आणि बोस्निया असा वारसा असलेली, पण बर्मिंगहॅमचीच लेक. जमावाचा पुढारी तिच्या तोंडासमोर येऊन ओरडतोय आणि ही जॅकेटच्या खिशात हात घालून त्याच्याकडे बघून शांतपणे हसतेय, असा तिचा फोटो जगभर गेला. त्या जॅकेटच्या आत तिनं शर्ट घातला होता तो स्पेशल्सचा!

बँडमधले जे पुन्हा एकत्र आले होते त्यांनी तिला बोलावलं. स्काचा आद्यपुरुष म्हणावा असा जमैकाचा गायक प्रिन्स बस्टर. त्याचं साठच्या दशकातलं एक गाणं आहे, त्यात पुरुष बाईला दहा आज्ञा देतो. हे करायचं, ते करायचं नाही, असं सगळं. स्पेशल्सचं पहिलंवहिलं गाणं 'गँगस्टर्स' याच प्रिन्स बस्टरच्या चालीवरून घेतलेलं. म्हणजे हा त्यांचा गुरूच. त्याच्या त्या गाण्याला उत्तर द्यायचं त्यांनी ठरवलं आणि माइक सफियाच्या हातात दिला. तिनं स्वतःच्या दहा आज्ञा सुनावल्या. २०१९ च्या फेब्रुवारीत 'एन्कोर' या अल्बममध्ये ते आलं, आणि तो अल्बम पहिल्या नंबरावर गेला. बँडच्या इतक्या वर्षांत पहिल्या नंबरावर गेलेला हा त्यांचा पहिलाच अल्बम.

मला या सगळ्यात आवडलं ते हे, की साठीच्या घरातल्या पुरुषांनी "आम्ही बायकांची बाजू मांडतो" असं म्हटलं नाही. ते मागे उभे राहून वाजवत राहिले. चाळीस वर्षांपूर्वी दटावणारं गाणं करणारी माणसं एवढं बदलू शकतात, तर आपल्या घरातली का नाही बदलणार? पण त्यासाठी मध्ये एक रोडा डकार लागते, जी कुणी वाजवणार नाही हे माहीत असूनही बोलून ठेवते. आणि तिचं पूर्ण ऐकून घेणारी चार माणसं लागतात.

पुढच्या रविवारी भाचीचा फोन आला. "मावशी, ऐकलीस गाणी?" म्हटलं, "एक सोडून सगळी." ती लगेच म्हणाली, "कुठलं ते मला माहितीये. आम्ही मैत्रिणींनी पण पहिल्यांदा ते बंदच केलं होतं." मग क्षणभर थांबून म्हणाली, "पण मावशी, बंद करायला मिळतं ते आपल्याला. तिला कुठे मिळालं होतं?"

मी त्या रात्री दार लावून ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. पाच-सहा मिनिटांचंच आहे. फार लांब वाटतं, पण ऐकून होतं.

वाड्यातली ती मुलगी आता कुठे असते मला ठाऊक नाही. तिची माफी मागायची राहिली. पण तुमच्यापैकी कुणाच्या दारात उद्या एखादी मुलगी, सून, कामवाली येईल आणि म्हणेल, "काकू, एक सांगायचंय." तेव्हा कशाला गेलीस असं विचारू नका. चहा नंतर होतो. गॅस बंद करा, तिच्याजवळ बसा आणि ती स्वतःहून थांबेपर्यंत ऐका.